कधी चालते, कधी बंद पडते: आरएस-२३२ आणि आरएस-४८५ मधल्या व्होल्टेज-दोषांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजनकाट्याचे इंडिकेटर, वीजमीटर, जुनी सीएनसी मशीन, पंपाचे ड्राइव्ह, सोलर इन्व्हर्टर अशा ठिकाणी आजही दोन-तीन तारांची सीरियल जोडणीच काम करते. आरएस-२३२ आणि आरएस-४८५ ही तिची दोन मानके. ती पूर्ण बंद पडली तर दोष तासाभरात सापडतो. दिवसातून दोनदाच बंद पडणारी जोडणी मात्र महिनोन्महिने छळते. दुरुस्तीच्या टेबलावर पुन्हा पुन्हा ऐकू आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

संवाद मध्येच तुटतो आणि आपोआप सुरू होतो. व्होल्टेज चुकीचे असेल तर दोष कायम दिसायला नको का?

नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. आरएस-२३२ मध्ये ऋण व्होल्टेज म्हणजे १ आणि धन व्होल्टेज म्हणजे ०. पाठवणाऱ्याने लोड असताना निदान ५ व्होल्ट द्यायचे, कमाल १५. घेणाऱ्याने ३ व्होल्टपासून पुढचे ओळखायचे. मधले २ व्होल्ट तारेतल्या घटीसाठी आणि गोंगाटासाठी राखून ठेवलेले आहेत. उणे ३ ते अधिक ३ या पट्ट्यात काय वाचले जाईल याची हमी मानक देत नाही.

प्रत्यक्षातले रिसीव्हर मानकापेक्षा उदार असतात. पाठवणे-घेणे दोन्ही करणाऱ्या (ट्रान्सीव्हर) मॅक्स२३२ चिपचा रिसीव्हर साधारण १.२ व्होल्टच्या खाली १ समजतो आणि १.७ च्या वर ०. म्हणजे तार शून्य व्होल्टवर पडून राहिली तरी तो तिला १ म्हणूनच वाचतो. पाठवणाऱ्याची ऋण बाजू पूर्ण मेली तरी डेटा जातो तो यामुळे. फक्त राखीव अंतर ८-९ व्होल्टवरून एकदम सव्वा व्होल्टवर आलेले असते. मग शेजारचा कॉन्टॅक्टर (मोटार चालू-बंद करणारा स्विच) खटकन ओढला गेला, दोन उपकरणांच्या ग्राउंडमध्ये व्होल्टभराचा फरक पडला, की चुकीचा स्टार्ट बिट (अक्षर सुरू झाल्याची खूण) तयार होतो.

गोंगाट अधूनमधून येतो, म्हणून दोष अधूनमधून दिसतो. कमकुवत पातळी मात्र चोवीस तास तिथेच असते आणि ती मोजता येते. म्हणून "आत्ता चालतंय, बंद पडलं की बघू" असे म्हणून थांबू नका. चालू असतानाच मोजा.

पहिले मोजमाप कोणते घ्यायचे?

जोडणी चालू, केबल दोन्ही टोकांना लावलेली, डेटा थांबलेला. मल्टीमीटरची काळी पिन सिग्नल ग्राउंडवर म्हणजे नऊ पिनी कनेक्टरच्या ५ नंबरवर. लाल पिन पाठवणाऱ्याच्या तारेवर. संगणकाच्या बाजूने ती ३ नंबरची आणि समोरच्या यंत्राकडून येणारी २ नंबरची. दोन्ही तारांवर स्पष्ट ऋण व्होल्टेज दिसले पाहिजे: मॅक्स२३२ असेल तर उणे ७ ते ९ च्या आसपास, मॅक्स३२३२ (तिचा ३.३ व्होल्टवरही चालणारा प्रकार) असेल तर उणे ५.४ च्या आसपास.

उणे ३ दिसले तर दोष सापडला असे समजा, मग जोडणी त्या क्षणी कितीही छान चालत असो. शून्याच्या आसपास दिसले तर एक तर तार तुटली आहे किंवा ऋण पुरवठा गेला आहे. तारेच्या दोन्ही टोकांना मोजले की या दोन्हींतला फरक कळतो.

केबल काढून नुसत्या पिनवर मोजलेला आकडा विश्वासाचा नाही. लोड नसताना मरतुकडा ड्रायव्हरही (चिपमधला पाठवणारा भाग) उणे ८ दाखवतो. समोरचा रिसीव्हर ३ ते ७ किलोओहम लोड टाकतो. खरा आकडा तेव्हाच दिसतो.

चिपच्या पायांवर काय मोजावे? नेमके कोणते कपॅसिटर बघायचे?

मॅक्स२३२ ही चिप १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली आणि वेगळा अधिक-उणे १२ व्होल्टचा पुरवठा देण्याची गरज संपली. ५ व्होल्टपासून ती स्वतःच सुमारे अधिक १० आणि उणे १० तयार करते. यासाठी आत स्विच आणि बाहेर चार कपॅसिटर; या जोडणीला चार्ज पंप म्हणतात. पहिला कपॅसिटर ५ भरून घेतो आणि पुरवठ्याच्या डोक्यावर चढवून दुप्पट करतो. दुसरा तो दुप्पट व्होल्टेज घेऊन उलटा करतो. हा क्रम लक्षात ठेवला की निदान पुढे आपोआप होते.

पाय १६ वर पुरवठा, पाय २ वर धन पंप, पाय ६ वर ऋण पंप. तिन्ही पाय १५ च्या सापेक्ष मोजा.

पाय २ वर साडेआठ ते दहा आणि पाय ६ वर तेवढेच ऋण, तर पंप ठणठणीत आहे. दोष पुढे आउटपुटमध्ये, ट्रॅकमध्ये किंवा केबलमध्ये शोधा. पाय २ चांगला पण पाय ६ अशक्त, तर उलटा करणारा टप्पा बिघडला आहे: पाय ४-५ मधला कपॅसिटर किंवा पाय ६ ते ग्राउंडचा. दोन्ही अशक्त असतील तर पाय १-३ मधला कपॅसिटर, पाय २ वरचा कपॅसिटर किंवा मूळ पुरवठाच. ऋण बाजू धन बाजूतूनच तयार होत असल्यामुळे धन बसली की ऋण तिच्याबरोबर बसते. उलट सहसा होत नाही. म्हणून शंका असेल तर आधी पाय ६ मोजा, साखळीतला शेवटचा माणूस तोच.

पाय ६ वरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची दिशा नीट पाहा. तिथे ऋण टोक चिपकडे आणि धन टोक ग्राउंडकडे हवे. सवयीने ग्राउंडला ऋण टोक लावलेली कार्डे मी अनेकदा पाहिली आहेत. उलटा लावलेला कपॅसिटर लगेच फुटत नाही; काही आठवडे गळत गळत चालतो आणि मग "कधीकधी बंद पडते" अशी तक्रार घेऊन कार्ड परत येते.

सकाळी चालू केल्यावर अर्धा-पाऊण तास डेटा तुटतो, नंतर दिवसभर काही नाही. असे का?

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकत आले आहेत. आतला द्रव कमी झाला की क्षमता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो, आणि थंडीत हे दोन्ही आणखी बिघडते. कार्ड गरम झाले की तोच कपॅसिटर जेमतेम कामापुरता उभा राहतो.

गाळप हंगामातला एक वजनकाटा आठवतो. डिसेंबरची पहाट, उसाच्या गाड्या रांगेत, आणि संगणकावर वजन येईना. इंडिकेटरच्या पडद्यावर वजन बरोबर, संगणकात मात्र रिकामी जागा नाहीतर अर्धवट आकडे. नऊ वाजले की सगळे सुरळीत. मी पहिल्यांदा गेलो तो दुपारी, आणि काहीच सापडले नाही. केबल बदलून परत आलो, याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्या लोकांनी आणखी चार पहाटा वजने हाताने लिहून काढल्या. दुसऱ्या वेळी पहाटे साडेपाचला जाऊन बसलो. पाय ६ वर उणे ३.१. तासाभराने त्याच जागी उणे ७.४. कार्डावरचे चारही एक मायक्रोफॅरडचे कपॅसिटर बदलले, पहाटेच उणे ८.६ मिळाले.

दोष ज्या वेळी येतो त्या वेळी तिथे जायचे, एवढे मी त्यातून शिकलो. ते शक्य नसेल तर कार्ड टेबलावर आणा, गोठवणारा स्प्रे एकेका कपॅसिटरवर थोडा मारा आणि पाय ६ वर नजर ठेवा. कोणत्या कपॅसिटरला थंडी बाधते ते लगेच कळते.

मग सिरॅमिक कपॅसिटर लावले की प्रश्नच मिटला?

बराचसा मिटतो, फक्त जात पाहून घ्या. एक्स७आर घ्या. वाय५व्ही जातीची क्षमता तापमानाप्रमाणे ८२ टक्क्यांपर्यंत घसरू शकते आणि शिवाय व्होल्टेज चढले की आणखी घटते. छोट्या आकाराच्या एक्स७आरमध्येही व्होल्टेजमुळे घट होतेच, म्हणून १० व्होल्टच्या जागी २५ किंवा ५० व्होल्टचा घ्या.

आणखी एक. सिरॅमिक ठिसूळ असतो. कार्ड स्क्रूने आवळताना वाकले तर त्याला डोळ्यांना न दिसणारा तडा जातो. झाकण लावले की दोष, झाकण काढले की ठीक, असे घडत असेल तर कडेच्या स्क्रूजवळचे सिरॅमिक संशयित. लाकडी काडीने हलके दाबून पाहा.

किती मायक्रोफॅरड? कुणी १० सांगतो, कुणी ०.१.

चिपवरचे पूर्ण नाव वाचा. मूळ मॅक्स२३२ ला १ मायक्रोफॅरड लागतो. मॅक्स२३२ए ला ०.१ पुरतो. मॅक्स३२३२ ला ३.३ व्होल्टवर ०.१ पुरतो, तोच ५ व्होल्टवर चालवायचा असेल तर पहिला ०.०४७ आणि बाकीचे तीन ०.३३. ए असलेली चिप काढून बिन-ए ची बसवली आणि कपॅसिटर ०.१ चेच ठेवले, तर कार्ड टेबलावर चालते आणि जागेवर लोडखाली रडते. "आयसी बदलल्यापासून जास्तच बिघडलं" या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असते. मोठा कपॅसिटर सहसा चालतो, लहान चालत नाही.

आयसी तीनदा बदलला. दरवेळी आठवडाभर चालतो, मग गरम होऊन जातो.

चौथा आयसी लावू नका. तो मरतोय म्हणजे त्याला कुणीतरी मारतोय.

आधी पुरवठा पाहा. ५ व्होल्टच्या रेषेवर मोटार किंवा रिले आहे का? चालू-बंद करताना ती रेषा उसळते का? आयसीच्या अगदी जवळ डिकपलिंगचा (पुरवठ्यातले झटके गिळणारा) कपॅसिटर आहे का? मग केबल पाहा. दुसऱ्या टोकाचे यंत्र वेगळ्या फेजवर, वेगळ्या अर्थिंगवर असेल तर दोन ग्राउंडमधला प्रवाह सिग्नल ग्राउंडच्या बारीक तारेतून वाहतो. लॅपटॉपच्या दोन पिनी चार्जरच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात. त्यांच्यामुळे लॅपटॉपचे ग्राउंड तरंगत राहते आणि कितीतरी व्होल्ट एसी दाखवते. टर्मिनलवर तारा जोडताना सिग्नल आधी आणि ग्राउंड नंतर जोडला तर तो सगळा झटका ट्रान्सीव्हरमधून जातो. ग्राउंड सर्वांत आधी जोडा, सर्वांत शेवटी काढा.

नकली आयसीचाही प्रश्न खरा आहे. अगदी स्वस्तात मिळालेला तुकडा रिकामा असतानाच बोट टेकवता येणार नाही इतका तापत असेल, तर कार्डाला दोष देण्याआधी खात्रीच्या दुकानातला आणून पाहा.

दोन आणि तीन नंबर शॉर्ट करून लूपबॅक चाचणी घेतली, शंभर टक्के पास. तरी दोष पोर्टमध्ये असू शकतो?

हो. लूपबॅकमध्ये चिपचाच ड्रायव्हर चिपच्याच रिसीव्हरशी बोलतो. तार सहा इंचांची, ग्राउंड एकच, गोंगाट शून्य. ऋण बाजू मेलेली असली तरी शून्याला १ वाचणारा रिसीव्हर ही चाचणी पास करतो. लूपबॅक फक्त "वाट अखंड आहे" एवढेच सांगतो. पातळीबद्दल काही सांगत नाही. तरीही ती चाचणी घ्यायचीच असेल तर शॉर्ट केलेल्या पिनवरून ग्राउंडला ३ किलोओहमचा रोध लावा आणि सोबत मल्टीमीटर ठेवा.

एका संगणकावर चालते, दुसऱ्यावर नाही. सॉफ्टवेअर तेच, सेटिंग तेच.

रिसीव्हरचा उंबरठा चिपगणिक वेगळा असतो. पहिल्या संगणकाचा रिसीव्हर तुमचे अशक्त सिग्नल समजून घेतो, दुसऱ्याचा घेत नाही. दुसऱ्या संगणकाला बोल लावण्याआधी तुमच्या यंत्राच्या आउटपुटवर मोजा.

यूएसबी कन्व्हर्टर वापरत असाल तर तो नक्की कोणता आहे तेही बघा. नऊ पिनी कनेक्टरचा खरा आरएस-२३२ कन्व्हर्टर निष्क्रिय असताना ऋण व्होल्टेज देतो. चार-सहा पिना बाहेर आलेला, थेट मायक्रोकंट्रोलरला जोडायचा टीटीएल कन्व्हर्टर त्या वेळी अधिक ३.३ किंवा ५ देतो, म्हणजे नेमके उलटे. टीटीएलवाला थेट आरएस-२३२ यंत्राला जोडला तर काहीच चालत नाही, आणि यंत्राकडून येणारे उणे ८ व्होल्ट त्याच्या इनपुटला मारूही शकतात.

आणि स्वतःचा पुरवठा सिग्नलच्या तारांमधूनच चोरणारे कन्व्हर्टर असतात, ज्यांना अडॅप्टर लागत नाही. जुन्या डेस्कटॉपच्या दणकट पोर्टवर ते चालतात, नव्या अशक्त पोर्टवर उपाशी राहतात. कायमच्या बसवणीत मी ते कधीच लावत नाही.

आरएस-४८५ वर दोन संदेशांच्या मध्ये कचरा अक्षरे येतात. कुणीच पाठवत नसताना हे येते कुठून?

बसवर, म्हणजे सगळी उपकरणे जोडलेल्या ए आणि बी या दोन तारांवर, कुणीच बोलत नसते तेव्हा सगळे ड्रायव्हर हात सोडून बसतात. दोन टोकांचे १२० ओहमचे रोध दोन्ही तारांना एकमेकींजवळ ओढतात आणि फरक शून्य होतो. आरएस-४८५ चा रिसीव्हर तारांमधला फरक वाचतो: अधिक २०० मिलिव्होल्टच्या वर एक उत्तर, उणे २०० च्या खाली दुसरे, आणि मधल्या पट्ट्यात काहीही. शून्य बरोबर त्या पट्ट्याच्या मध्यभागी. मग जराशा गोंगाटाने रिसीव्हर हेलकावे खातो आणि मायक्रोकंट्रोलरला ती अक्षरे वाटतात.

यावर उपाय बायसचा: एका तारेला रोधातून पुरवठ्याकडे आणि दुसरीला ग्राउंडकडे ओढायचे, म्हणजे निष्क्रिय अवस्थेतही २०० मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक टिकतो. हिशेब सोपा आहे. दोन टोकांचे १२० समांतर म्हणजे ६० ओहम. पुरवठा ५ व्होल्ट, दोन्हीकडे ५६० ओहम, तर ५ गुणिले ६० भागिले ११८०, म्हणजे सुमारे २५४ मिलिव्होल्ट. ६८० लावले तर २११, अगदी काठावर. ३.३ व्होल्टच्या कार्डावर तेच ५६० लावले तर फक्त १६८ मिळतात आणि बायस असूनही काम होत नाही. तिथे ३९० घ्या, २३६ मिळतील. बायस बसवर एकाच जागी लावा, बहुधा मास्टरपाशी, म्हणजे बाकीच्यांना विचारणा (पोलिंग) करणाऱ्या उपकरणापाशी.

नव्या पिढीच्या कित्येक ट्रान्सीव्हरमध्ये उंबरठा उणे ५० ते उणे २०० मिलिव्होल्ट ठेवलेला असतो, त्यामुळे शून्य हे आपोआप निष्क्रिय समजले जाते. मॅक्स४८५ हा आरएस-४८५ चा ट्रान्सीव्हर मात्र जुन्या पिढीतला आहे.

मोजायचे कसे? बस शांत करा, मास्टरचे पोलिंग थांबवा, दोन तारांमध्ये डीसी मल्टीमीटर लावा. २०० च्या खाली असेल तर बायस नाही किंवा पुरत नाही.

पाच मॉड्यूल जोडेपर्यंत छान चालत होते. सहावे लावले आणि सगळेच अडखळू लागले.

बाजारात मिळणाऱ्या मॅक्स४८५ च्या छोट्या मॉड्यूलवर १२० ओहमचा रोध आधीच बसवलेला असतो. त्यावर १२१ छापलेले दिसते. तो फक्त बसच्या दोन टोकांना हवा. प्रत्येक मॉड्यूलवर ठेवला तर पाच मॉड्यूलचे मिळून २४ ओहम, सहाचे २०. मानकाप्रमाणे ड्रायव्हरने १.५ व्होल्ट देण्याची हमी ५४ ओहम लोडपर्यंतची आहे. २० ओहमवर तो किती देईल हे चिपच्या नशिबावर. त्यातच मॉड्यूलवरचे बायसचे रोध २० किलोओहमचे, म्हणजे निष्क्रिय अवस्थेत मिळून १५ मिलिव्होल्टसुद्धा धड नाहीत.

सगळा पुरवठा बंद करून दोन तारांमध्ये ओहम मोजा. ६० च्या जवळ असेल तर ठीक. १२० असेल तर एका टोकाचा रोध नाही किंवा तार तुटली आहे. ६० पेक्षा बरेच कमी असेल तर मधले रोध काढून टाका.

माझे मत विचाराल तर एकाच पॅनेलमध्ये, दहा मीटरच्या आत, ९६०० वेगावर टर्मिनेशनची, म्हणजे टोकाच्या रोधांची, गरजच नसते. दहा मीटरचा प्रवास साधारण ५० नॅनोसेकंदांचा आणि एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा. प्रतिध्वनी विरून जायला भरपूर वेळ आहे. अशा ठिकाणी दोन्ही रोध काढले की बायसचा प्रश्नही निम्मा सुटतो. शेतावर सहाशे मीटर लांब पंपघराकडे जाणाऱ्या केबलला मात्र दोन्ही टोकांना रोध द्या.

ए ला ए, बी ला बी जोडले, तरी उलटे वाचले जाते.

चूक तुमची नाही. मानकात आणि बहुतेक चिपनिर्मात्यांच्या कागदांत ए-बी ची नावे एकमेकांच्या उलट आहेत. मॅक्स४८५ वरचा ए म्हणजे न उलटवणारी बाजू. मानक तिलाच बी म्हणते. मोडबस या संदेशपद्धतीत तिचे नाव डी१. नावे विसरून जा. बस शांत असताना, बायस असलेल्या उपकरणाच्या दोन टर्मिनलांवर मीटर लावा. जे टर्मिनल धन दिसेल ते दुसऱ्या उपकरणाच्या धन टर्मिनलला जोडा.

ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरला मॅक्स४८५ चे मॉड्यूल ३.३ व्होल्टवर चालवतो. बहुतेक वेळा चालते.

"बहुतेक वेळा" हाच तो दोष. मॅक्स४८५ ची हमी ४.७५ ते ५.२५ व्होल्टसाठी आहे. ३.३ वर तो चालतो ते त्या तुकड्याच्या कृपेने. दुसऱ्या लॉटमधला किंवा मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या पेटीत तापलेला तुकडा चालेलच असे नाही. आणि ५ वर चालवला तर त्याचे आउटपुट ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टच्या पायावर ५ व्होल्ट टाकते. मॅक्स३४८५ ही ३.३ व्होल्टसाठीच केलेली चिप आहे. किंमतीतला फरक एका फेरीच्या पेट्रोलपेक्षा कमी पडतो.

पंप किंवा ड्राइव्ह सुरू झाला की संवाद जातो, बंद केला की येतो.

इथे ए-बी मधला फरक बऱ्याचदा ठीक असतो. बिघडते ते दोन्ही तारांचे मिळून ग्राउंडच्या तुलनेतले व्होल्टेज. आरएस-४८५ ला उणे ७ ते अधिक १२ एवढी मोकळीक आहे. दोन तारांची जोडणी आहे म्हणून ग्राउंडची गरज नाही, ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिने फार चिपा खाल्ल्या आहेत. तिसरी तार ओढा, तिच्यात दोन्ही टोकांना १०० ओहमचा रोध घाला म्हणजे फिरणारा प्रवाह मर्यादित राहील. शील्ड वेगळी ठेवा, ती एकाच टोकाला अर्थ करा. शील्डला ग्राउंडची तार म्हणून वापरू नका.

ड्राइव्हच्या मोटारीची केबल आणि ही केबल एकाच ट्रेमधून गेली असेल तर आधी ती बाजूला घ्या. अंतर लांब, इमारती दोन, अर्थिंग दोन असेल तर उघडपणे आयसोलेटेड ट्रान्सीव्हर लावा. तिथे काटकसर करू नये असे मला मनापासून वाटते.

उत्तराचा शेवटचा बाइट कापला जातो. हाही पातळीचा दोष का?

स्कोपवर तसा दिसतो, पण मूळ प्रोग्राममध्ये असते. ड्रायव्हर चालू ठेवणारा डीई पाय शेवटचा बाइट बाहेर पडण्याआधीच खाली आणला जातो. बफर रिकामा झाला म्हणजे बाइट गेला असे नव्हे. ९६०० वर एका अक्षराला एक मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. प्रक्षेपण पूर्ण झाल्याची खूण पाहूनच डीई खाली आणा.

वळवाच्या पावसात वीज कडाडली तेव्हापासून एक मीटर कधी दिसतो, कधी नाही. आयसी गेला म्हणावा तर चालतोही.

अर्धमेला ट्रान्सीव्हर किंवा अर्धमेला संरक्षक डायोड. झटक्याने तो शॉर्ट झाला नाही, पण गळू लागला. असा एकजण सगळ्या बसची पातळी खाली ओढतो आणि दोष मात्र दुसऱ्याच मीटरवर दिसतो.

प्रत्येक मीटर बसपासून सोडवा, बंद असताना त्याच्या ए ते ग्राउंड आणि बी ते ग्राउंड ओहम मोजा. दोन्ही एकमेकांच्या जवळपास आणि त्याच मॉडेलच्या चांगल्या मीटरसारखे हवेत. एक बाजू काहीशे ओहम आणि दुसरी दहा हजारांवर असेल तर सापडला. चिप काढल्यावरही वाचन तेच राहिले तर डायोड. बदलताना आरएस-४८५ साठीचा, उणे ७ आणि अधिक १२ अशा असमान मर्यादांचा एसएम७१२ लावा. ५ व्होल्टचा साधा डायोड लावला तर ग्राउंडमधला साधा फरकही तो कापू लागतो.

ऑसिलोस्कोपवर असा दोष कसा पकडायचा?

घेणाऱ्याच्या टोकाला मोजा. पाठवणाऱ्यापाशी सगळे सुंदरच दिसते. आरएस-२३२ साठी ट्रिगर अशा पल्सवर लावा जी एक पातळी ओलांडते पण दुसरीपर्यंत पोचत नाही. बहुतेक डिजिटल स्कोपमध्ये रंट ट्रिगर असतो. खालची मर्यादा उणे ३, वरची अधिक ३ ठेवा आणि जेवायला जा. परत आल्यावर एकही नोंद नसेल तर पातळीचा दोष नाही.

आरएस-४८५ साठी दोन चॅनल घ्या, एक ए वर, एक बी वर, आणि स्कोपला वजाबाकी करायला सांगा. स्कोपची ग्राउंड क्लिप बी ला कधीही लावू नका. ती मेन्सच्या अर्थला जोडलेली असते आणि ड्राइव्हच्या पॅनेलमध्ये तो थेट शॉर्ट ठरू शकतो.

स्कोप नाही, फक्त मल्टीमीटर आहे.

मग एक युक्ती आरएस-२३२ साठी. टर्मिनल प्रोग्राममधून इंग्रजी कॅपिटल यू हे अक्षर सलग, मध्ये खंड न पडता पाठवत राहा. ८ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. या अक्षराचे बिट स्टार्ट-स्टॉपसह एक सोडून एक असे येतात, म्हणजे तारेवर निम्मा वेळ धन, निम्मा वेळ ऋण. डीसी मल्टीमीटर सरासरी दाखवतो. दोन्ही बाजू सारख्या असतील तर आकडा शून्याजवळ. अधिक ८ आणि उणे ४ असेल तर अधिक २. अधिक ८ आणि उणे २ असेल तर अधिक ३. डेटा थांबल्यावरचे ऋण वाचन आणि ही सरासरी, या दोन आकड्यांवरून दोन्ही पातळ्या काढता येतात.

हेच सगळे गाड्यांमधल्या कॅन बसला लागू होते का?

ओहम मोजण्याची ६० ची खूण लागू होते, बाकीचे आकडे वेगळे. तिथे निष्क्रिय अवस्थेत दोन्ही तारा अडीच व्होल्टच्या आसपास असतात आणि बोलताना एक साडेतीनकडे, दुसरी दीडकडे जाते. बायसची वेगळी गरज नसते.

दुरुस्ती झाली हे कधी मानायचे?

डेटा येऊ लागला यावरून नाही. ग्राहक काउंटरवर उभा असला तरी हे तीन आकडे घेतल्याशिवाय मी कार्ड परत देत नाही. पहिला, आउटपुटवर ३ किलोओहमचा जादा लोड लावून ऋण पातळी. मॅक्स२३२ साठी ती उणे ५ पेक्षा शून्याच्या जवळ यायला नको. दुसरा, पुरवठा ४.७५ वर आणून तीच पातळी. तिसरा, कपॅसिटरवर गोठवणारा स्प्रे मारून आणि मग केस वाळवण्याच्या यंत्राने कार्ड तापवून पुन्हा तीच. आरएस-४८५ असेल तर शांत बसवरचे मिलिव्होल्ट आणि बंद बसवरचे ओहम. हे आकडे आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला लावा. दोन वर्षांनी तेच कार्ड परत आले, की उणे ८.६ चे उणे ६ झाले आहेत का हे झाकण उघडताच कळते.